धुक्याचे पाणी कोणाचे?

पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात: पाऊस, नदी आणि विहीर. धुके त्यांत कोणी मोजत नाही. कोकणपट्टीतल्या बागायतदाराला तर ते नकोसेच असते. आंबा मोहोरला आणि नेमके चार दिवस दाट धुके पडले, की तुडतुडे आणि भुरी यांच्या भयाने त्याची झोप उडते. धुक्यावर जगणारी अरण्ये या पृथ्वीवर आहेत असे अशा माणसाला सांगितले, तर तो विश्वास ठेवणार नाही. परंतु ती आहेत. आणि त्यांची कहाणी नीट समजून घेऊ लागलो, की मानवी जीवनातला एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर येतो. जे आपण निर्माण केले नाही, पण जे आपल्या हाती आले, ते कितपत आपले? या प्रश्नाचा थोडा विचार आपण त्या अरण्यांच्या सोबतीने करू या.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागून, ऑरेगन राज्याच्या दक्षिण टोकापासून कॅलिफोर्नियाच्या मध्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीचा एक चिंचोळा पट्टा आहे. रेडवूड नावाचा सूचिपर्णी वृक्ष निसर्गतः या पट्ट्यातच वाढतो. जगातील सर्वांत उंच वृक्ष तो हाच. २००६ साली मोजलेले एक झाड ११५ मीटरांहून अधिक उंच भरले. म्हणजे दीड कुतुबमिनाराहूनही उंच! यांतील काही वृक्षांचे वय दोन हजार वर्षांच्या वर आहे. प्रभू येशू गालीलच्या वाटा तुडवीत असता जी रोपे होती, त्यांतील काही आजही उभी आहेत.

आश्चर्य असे, की या महाकाय वृक्षांच्या प्रदेशात उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. तेथे पावसाळा हिवाळ्यात येतो. वाढीला ऊन आणि ऊब मिळते त्या दिवसांतच आकाश कोरडे असते. मग एवढी झाडे तगतात कशी? याचे उत्तर समुद्राजवळ आहे. उन्हाळ्यात वायव्येकडून किनाऱ्यालगत वारे वाहतात. ते समुद्राचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याची जागा घेण्यास खोल समुद्रातले थंडगार पाणी वर येते. पॅसिफिकवरून येणारी बाष्पाने भरलेली हवा या थंड पाण्यावरून सरकली की निवते आणि बाष्पाचे सूक्ष्म कण होतात. हेच धुके. त्याच्यावर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, म्हणून ते उंच जाऊन विरत नाही. आतल्या दऱ्याखोरी उन्हाने तापतात, तेथील हवा वर चढते आणि तिच्या जागी हे धुके जमिनीकडे ओढले जाते. रात्री आणि सकाळी सारे रान त्यात बुडून जाते.

परंतु धुके म्हणजे पाऊस नव्हे. त्याचे कण इतके हलके असतात, की स्वतः होऊन ते खाली पडत नाहीत. वाऱ्याबरोबर तरंगत पुढे निघून जातात. वाटेत काही आडवे आले तरच ते अडतात. रेडवूडची लक्षावधी बारीक पाने हे काम करतात. कण पानाला चिकटतो, त्याला दुसरा मिळतो, थेंब होतो, थेंब जड झाला की गळतो. निरभ्र उन्हाळ्यात या झाडांखाली पावसासारखी टपटप ऐकू येते ती यामुळे. शिवाय रेडवूडची पाने काही पाणी थेट शोषूनही घेतात. मुळापासून शंभर मीटर उंचीवर पाणी चढविणे किती कठीण असेल, हे ध्यानात घेतले म्हणजे शेंड्याला मिळणाऱ्या या घोटभर पाण्याचे मोल कळते.

हे पाणी किती, याचे मोजमाप झाले आहे. टॉड डॉसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तीन वर्षांची निरीक्षणे १९९८ साली प्रसिद्ध केली. धुक्याच्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण पावसाच्या पाण्याहून वेगळे असते. त्या खुणेवरून झाडाच्या अंगातले पाणी कोठून आले, हे ओळखता येते. डॉसन यांना आढळले, की रेडवूडच्या रानात वर्षभरात येणाऱ्या एकूण पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी झाडांवरून गळणाऱ्या धुक्याचे असते. जेथे झाडे नव्हती, तेथे धुक्याचा वाटा अवघा १७ टक्के होता. समुद्र तोच, वारा तोच, धुकेही तेच. झाड उभे नसेल तर निम्मे पाणी वाटेनेच निघून जाते.

येथेच आपला पहिला विचार सुरू होतो. दान म्हटले की आपण नेहमी देणाऱ्याचा विचार करतो. घेणाऱ्याने फक्त हात पसरायचे. या अरण्यात मात्र घेणे हे मोठे काम ठरते. घेणारा नसेल तर देणगी देणगी होतच नाही, नुसती वाऱ्यावर जाते. मग असे म्हणावे काय, की ज्याने अडविले त्याचेच ते पाणी? सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मालकीचा पाया असाच सांगितला आहे. निसर्गातल्या वस्तूत मनुष्य आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. हा विचार सहजी झटकून टाकण्यासारखा नाही. कष्ट करणाऱ्याचा हक्क नाकारून जगात कोठेही न्याय नांदलेला नाही. मात्र हेही लक्षात ठेवावे, की लॉकने त्यालाच एक अट जोडली होती: इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहावे. त्याचे नाव घेणारे बहुधा पहिले वाक्य लक्षात ठेवतात आणि अट विसरतात.

शिवाय वृक्षाने अडविले हे खरे असले, तरी त्याने समुद्र केला नाही, वारा वाहविला नाही, खोल तळातले थंड पाणी वर आणले नाही. त्याचे श्रम खरे. पण ज्यावर ते श्रम झाले, ते सर्वस्वी दुसऱ्याचे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची जी उकल केली, ती आम्हांला आजही सर्वांत समंजस वाटते. त्यांनी ऐहिक वस्तूंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू मिळविणे आणि तिची व्यवस्था लावणे, ही एक गोष्ट. तेथे स्वतःची मालकी योग्यच नव्हे तर आवश्यक आहे, कारण माणूस आपले म्हणून जे सांभाळतो ते सर्वांचे म्हणून सांभाळत नाही, आणि कोणाचे काय हे ठरलेले असले म्हणजे घोळ आणि कलह टळतात. त्या वस्तूचा उपभोग, ही दुसरी गोष्ट. तेथे मात्र माणसाने ती आपली एकट्याची न मानता सर्वांची मानावी आणि गरजवंताला देण्यास तत्पर असावे. सांभाळण्यात मालक, वापरात विश्वस्त, असा या विचाराचा सारांश सांगता येईल.

आता पुन्हा अरण्यात जाऊ या. डॉसन यांच्या मोजणीत आणखी एक गोष्ट होती. उन्हाळ्यात, धुके सर्वांत अधिक असते त्या काळात, रेडवूडच्या अंगातील पाण्यापैकी सरासरी १९ टक्के पाणी जमिनीवर ठिबकलेल्या धुक्याचे होते. आणि त्याच्या पायथ्याशी वाढणाऱ्या लहान वनस्पतींच्या अंगात? तेथे हे प्रमाण ६६ टक्के होते! उंच वृक्ष धुक्यावाचून कदाचित आणखी काही काळ कळ काढील, त्याला इतर ओलाव्याचाही आधार आहे. परंतु त्याच्या तळाशी असलेले नेचे, आपल्या आंबुशीच्या गोत्रातली तिथली इवली झुडपे, यांचा उन्हाळा जवळजवळ त्या ठिबकण्यावरच निघतो. वर अडविणारा एक आणि खाली त्यावर जगणारे अनेक. पाणी गोळा करण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे, त्याची त्यावाचून अडचण कमी. आणि ज्याची सारी भिस्त त्यावर आहे, त्याच्यापाशी ते अडविण्याची उंची नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, वृक्ष किती परोपकारी! येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. वृक्ष परोपकारी नाही आणि स्वार्थीही नाही. थेंब जड होतो म्हणून गळतो. निसर्गाला आपण नीतीचा गुरू करू लागलो, की त्यातले सोयीचे धडे तेवढे उचलण्याचा मोह होतो. गैरसोयीचा धडा पाहावयाचा असेल तर दक्षिण अमेरिकेत, चिलीच्या किनाऱ्यावर जावे लागेल.

तेथे कोकिंबो प्रांतात फ्राय होर्गे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. १६२७ साली हे रान शोधून काढणारा म्हणून ज्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूची परंपरा सांगते, त्याचेच नाव त्याला मिळाले. आजूबाजूला निवडुंगांचे रखरखीत माळ. वर्षाचा पाऊस सुमारे दीडशे मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे आषाढातल्या एका मुसळधार दिवसात पडून जाईल एवढा. आणि समुद्राकडे तोंड असलेल्या डोंगरमाथ्यावर मात्र हिरव्यागार, शेवाळलेल्या झाडांचे पुंजके. पॅसिफिकवरून चढून येणारे धुके त्यांना जगविते. संशोधकांनी हे पुंजके २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारकाईने तपासले. त्यांना दिसले ते असे: समुद्राच्या बाजूची, वाऱ्याला सामोरी झाडे धुके अडवितात, त्या बाजूला नवी रोपेही भरपूर उगवतात. पाठीमागच्या बाजूला ओल कमी पोहोचते. तेथे रोपे थोडी आणि वाळलेली झाडे अधिक. जो पुढे उभा आहे तो हिरवा, जो मागे राहिला तो सुकत चाललेला.

जुन्या करारात गिदोनाची कथा आपण ऐकलेली आहे. पहिल्या रात्री दव फक्त लोकरीवर पडले आणि भोवतालची भूमी कोरडी राहिली. दुसऱ्या रात्री लोकर कोरडी आणि सारी भूमी ओली. निसर्गातही दोन्ही चित्रे आहेत. कॅलिफोर्नियात उंच झाडाखाली भूमी भिजते, चिलीत पुढच्या रांगेमागे भूमी कोरडी पडते. यांतले कोणते अनुकरणीय, हे निसर्ग सांगत नाही. तो फक्त दोन्हींचे परिणाम आपल्यासमोर मांडतो. निवड माणसाने करावयाची आहे. आणि निवड करता येते म्हणूनच तो जबाबदार आहे.

माणसांनी केलेल्या निवडीचे एक उदाहरण त्याच किनाऱ्यावर आहे. चुंगुंगो हे मासेमाऱ्यांचे छोटे गाव. वस्ती तीन-साडेतीनशे माणसांची. पाणी बाहेरून टँकरने येई, ते महाग असे आणि पुरतही नसे. गावामागच्या एल तोफो या डोंगरावर बंद पडलेली लोखंडाची खाण होती आणि माथ्यावर धुके. १९८७ पासून तेथे वाऱ्याला आडव्या अशा मोठमोठ्या जाळ्या खांबांवर ताणून बसविण्यात आल्या. पुढे त्यांची संख्या शंभराच्या आसपास गेली. वृक्षाच्या पानांचे काम जाळ्यांचे धागे करू लागले. १९९२ साली नळाने पाणी गावात उतरले, दिवसाला सरासरी १५,००० लिटर. घरांपुढे भाजीपाला आणि फुलझाडे दिसू लागली, वस्ती वाढली. जगभरातून लोक हे नवल पाहण्यास येऊ लागले.

आणि तरीही दहा-बारा वर्षांच्या आत ही व्यवस्था मोडकळीस येऊन बंद पडली; गाव पुन्हा टँकरवर आले. धुके आटले होते असे नव्हे. वाऱ्याने जाळ्या फाटत, खांब कलत, नळ गळत. आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पक्के झाले नव्हते. गावकऱ्यांना दोष देण्याची घाई आपण करू नये. वाढत्या गावाला ते पाणी पुरेनासे झाले होते. शिवाय शहरातल्या माणसाला मिळते तसे हमखास नळाचे पाणी आपल्यालाही मिळावे, ही त्यांची इच्छा रास्तच होती. परंतु संत थॉमस यांनी मालकीच्या बाजूने जे कारण दिले, त्याचा प्रत्यय येथे येतो. जे सर्वांचे असते आणि ज्याला कोणी रखवालदार नसतो, ते लवकरच कोणाचेही राहत नाही. नुसते 'हे सर्वांचे आहे' असे म्हटल्याने न्याय होत नाही. फाटलेली जाळी शिवणारा हातही कोणाचा तरी असावा लागतो.

म्हणजे प्रश्नाला दोन धारा आहेत. एकट्याने सारे पिऊन टाकणे हा जसा अन्याय, तसेच सर्वांचे म्हणून कोणीच न सांभाळणे हाही अन्यायच. पहिल्या अन्यायाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याबद्दल फारसे नाही, कारण त्यात कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही.

ही गोष्ट वसईच्या माणसाला परकी वाटू नये. आपल्या वाडीतले बावखल आठवावे. ते असे एखाद्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर. त्यातले पाणी त्याच कुटुंबाच्या केळीला, फुलझाडांना आणि पानवेलीला जाई. परंतु पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या बावखलाचे पाणी जमिनीत मुरत असे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. शेजाऱ्याने त्याचे कधी पैसे दिले नाहीत आणि मालकाने ते मागितलेही नाहीत. पुढे जमिनीला भाव आला, अनेक बावखले मातीने भरली गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. खरेदीखतात जमिनीची किंमत लिहिली गेली. मुरणाऱ्या पाण्याची किंमत लिहिण्यास त्या कागदावर रकानाच नव्हता. मालकाने आपली वस्तू विकली, यात कायद्याने काही चूक नाही. प्रश्न एवढाच, की त्याने विकले ते सर्व त्याचे होते काय?

रेडवूडच्या बाबतीतही हेच घडले. १८४९ च्या सोन्याच्या लाटेनंतर कॅलिफोर्नियात माणसांची रीघ लागली आणि या वृक्षांवर कुऱ्हाड चालू झाली. लाकूड सरळ, हलके आणि न कुजणारे. मूळ प्राचीन अरण्यापैकी आज सुमारे ५ टक्केच शिल्लक आहे. प्रत्येक ओंडक्याचा हिशेब झाला असेल. पण त्या झाडाने दर उन्हाळ्यात अडविलेले आणि आपल्या पायाशी ओतलेले धुके कोणत्याही वहीत जमा नव्हते, म्हणून ते खर्चीही पडले नाही. अटलांटिकमधील एल इएरो या बेटावर मात्र लोकांनी हा हिशेब मनात ठेवला होता. गारोए नावाच्या एका वृक्षावरून ठिबकणारे धुक्याचे पाणी तेथले मूळ रहिवासी खालच्या हौदांत साठवीत. १६१० च्या वादळात तो वृक्ष उन्मळून पडला; पण त्याचे चित्र त्या बेटाच्या मानचिन्हात आजही आहे. आपल्याला पाणी पाजणाऱ्याची आठवण ठेवावी, एवढे तरी त्या लोकांना कळले होते.

आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील धुके विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१० साली संशोधकांनी मांडला. आज उभ्या असलेल्या वृक्षांवर त्याचा परिणाम सावकाश होईल. पण नव्या रोपांचे आणि तळाच्या नेच्यांचे काय? ज्यांची उंची नाही आणि ज्यांची मुळे खोल नाहीत, त्यांनाच टंचाई प्रथम गाठते. माणसांच्या जगातही याहून वेगळे काही घडत नाही.

घराघरांतही उंच झाडे असतात. एखादा थोरला भाऊ जहाजावर किंवा आखातात जातो, एखादी थोरली बहीण परिचारिका होऊन परदेशी राबते. तिच्या पगारावर धाकटी भावंडे शिकतात, घर उभे राहते. पुढे वाटणीची वेळ येते आणि शब्द फुटतात: 'मी मिळविले म्हणून हे सारे झाले.' हे म्हणणे खोटे नसते. अडविणारे हात त्याचेच होते, आणि धाकट्यांनी ते विसरणे हा कृतघ्नपणा होय. परंतु ज्या वाऱ्याने संधी त्याच्यापर्यंत आणली, तो वारा पुष्कळांनी मिळून वाहविलेला होता. आईने मोडलेले दागिने, पायपीट करून शिकविणाऱ्या गुरुजींची कळकळ, आजोबांनी न विकलेली वाडी: हे सारे त्याच्या वाट्याला आले कारण तो पुढे उभा होता. आणि धाकट्यांनाही एक कर्तव्य असते. ज्या झाडाखाली आपण वाढलो, त्याच्या मुळांशी ओल राहील हे त्यांनी पाहावे. रेडवूडची मुळे फार खोल जात नाहीत, बाजूला पसरतात. नेच्यांवर ठिबकलेले पाणी ज्या मातीत जिरते, तीच माती त्या वृक्षालाही पाजते. खाली दिलेले सगळेच गेले असे होत नाही.

तेव्हा धुक्याचे पाणी कोणाचे? अडविण्याचा मान आणि सांभाळण्याचे ओझे अडविणाऱ्याचे. ओलावा सर्वांचा, आणि ज्याची मुळे उथळ त्याचा सर्वांत आधी. आपापल्या वाट्याला आलेल्या धुक्यापैकी आपण किती अडविले, किती ठिबकू दिले आणि कोणती फाटलेली जाळी शिवण्याची पाळी आपली होती, हा हिशेब दुसऱ्या कोणी मागण्यापूर्वी आपण स्वतःच घालून पाहावा. तो घालण्याचे वय ठरलेले नसते. पण झाड उभे आहे तोवरच तो घातलेला बरा.